बुरूड गल्लीची संमती

सोमवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी शिरढवळ नगरपरिषदेच्या सभागृहातल्या पडद्यावर आकडे उमटले, आणि बुरूड गल्लीला कळलं की आपण गल्ली सोडायला तयार झालो आहोत. प्रौढ रहिवासी दोनशे चौदा. संमती दोनशे चौदा. हरकत शून्य.

गल्लीतली तीसेक माणसं मागच्या खुर्च्यांवर होती. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग एकमेकांकडे, मग परत पडद्याकडे, जणू मधल्या वेळात आकडा शुद्धीवर येईल. पन्नास वर्षं बांबू फोडण्यात घालवलेले हणमंतअण्णा नागे उठून उभे राहिले.

"साहेब, आमास्नी अजून कुणी काय इचारलंच न्हाई."

"विचारलंय की," सुनावणी अधिकारी घोरपडे अगदी अदबीनं म्हणाले. "तुमच्या मनप्रतीला विचारलंय."

मनप्रत हा शब्द २०४३ सालापर्यंत शिरढवळात सगळ्यांच्या तोंडी रुळला होता. त्याचा अर्थ विचारायच्या भानगडीत मात्र कुणी पडलं नव्हतं, कारण अर्थ न कळता काम होत होतं, आणि अर्थ कळून काम अडल्याची उदाहरणं सरकारी कचेरीत पुष्कळ होती.

पूर्वीची पद्धत अशी होती. नगरपरिषदेला काही करायचं असलं की वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर मुंगीच्या अक्षरात सूचना यायची : हरकती व सूचना तीस दिवसांत लेखी कळवाव्यात. मग दोनपैकी एक व्हायचं. एक तर कुणीच काही कळवायचं नाही, किंवा एखादे नगरसेवक जीपमधून चारशे हरकती घेऊन यायचे, त्या सगळ्या एकाच हस्ताक्षरात. दोन्हींतून लोकांच्या मनात काय आहे ते कळायचं नाही. हा तिढा सोडवायला वर्तनगणित नावाचं शास्त्र पुढे आलं. त्याचं म्हणणं साधं आहे. माणूस काय बोलतो ते सोडा, तो काय करतो ते मोजा. किराणा दुकानदार करतो तेच. तुम्ही पायरी चढताना पाहूनच तो अर्धा किलो शाबू बांधायला घेतो, कारण आज एकादशी आहे आणि गेल्या बारा वर्षांतली तुमची एकही एकादशी त्याच्या नजरेतून सुटलेली नाही.

नगरपरिषदेच्या संकेतस्थळावर घरपट्टी, नळजोडणी, जन्ममृत्यूचे दाखले, तुंबलेल्या गटाराची तक्रार असं सगळंच होतं. प्रत्येक वेळी माणूस मागे काहीतरी ठेवून जातो. कोणतं बटण दाबलं, कोणत्या बटणावर बोट नुसतंच थांबलं, काय लिहून खोडलं, कोणतं पान उगाच उघडून पाहिलं. अशी एक खूण काहीच सांगत नाही. चारशे खुणा माणूस सांगतात. त्या खुणांवरून संगणकात रहिवाशाची जी आकृती तयार होते ती त्याची मनप्रत. तिला प्रश्न विचारला की ती त्या माणसासारखं उत्तर देते, आणि शंभरांतली चौऱ्याण्णव उत्तरं बरोबर येतात. घरातल्या माणसांचा अंदाज याहून खाली असतो, हेही मोजून झालं होतं.

स्वतः येऊन हरकत घ्यायची सोय ठेवलेली होती. पण तुमची हरकत तुमच्या मनप्रतीशी फारच फटकून असेल, तर तिच्यावर 'तात्कालिक' असा शिक्का बसे. म्हणजे कुणाच्या दबावाखाली, कुणाला पाहून किंवा रागाच्या भरात घेतलेली. जीपवाल्या नगरसेवकांपासून गरिबाचं रक्षण व्हावं म्हणूनच हा नियम केला होता, आणि करणारे लोक प्रामाणिक होते. त्या सोमवारी गल्लीतल्या तीस जणांनी तिथल्या तिथे हरकती नोंदवल्या. तीसच्या तीस तात्कालिक निघाल्या.

प्रस्ताव वाईट नव्हता. नदीकाठची गल्ली हटवून तिथे पुराची भिंत आणि बाग करायची, आणि गल्लीला पाच किलोमीटरवर नवनगरच्या सहामजली इमारतींत फुकट घरं द्यायची. शिरढवळला हा सौदा पसंत होता. पण बांबू फोडण्याआधी हौदात भिजवावा लागतो, आणि अठरा फुटांचा बांबू फोडायला रस्ता मोकळा लागतो. तो लिफ्टमध्ये मावत नाही. नवनगरला गेलं की सुपं, टोपल्या, हारे, डालगी विणणारी ही चाळीस-पन्नास घरं बुरूड राहणार नव्हती. गल्लीत कुणालाही विचारलं तरी हेच सांगितलं असतं. कुणाला विचारलं नव्हतं, एवढंच.

दोन दिवसांनी डॉ. मृण्मयी केतकर पुण्याहून आली ती थेट गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पत्र्याच्या दुकानात गेली. ती वर्तनगणिताची अभ्यासक, आणि शिरढवळच्या मनप्रती ज्या चमूनं बांधल्या त्यातली एक. दुकान होतं रेश्मा सोनटक्के हिचं. वर पाटी होती : नागरी सेवा केंद्र, झेरॉक्स, लॅमिनेशन.

रेश्मा गल्लीतलीच. बाप बुरूड. नवरा वारल्यावर माहेरी आलेली, वय चव्वेचाळीस, डाव्या अंगठ्यावर कोयत्याची जुनी खूण. गल्ली तिला अक्का म्हणायची, तिच्याहून वीस वर्षांनी मोठे लोकसुद्धा.

या दुकानाची एक रीत होती. गल्लीतल्या कुणीही संकेतस्थळाला स्वतःचा हात लावायचा नाही. शालनमावशीला नळाची तक्रार करायची असली की ती विणता विणता वरच्या मजल्यावरून सांगायची, रेश्मा खाली लिहायची, मग मावशीच्या मोबाईलवर ओटीपी यायचा आणि मावशी तो सहा आकडी गुप्त क्रमांक सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात खाली फेकायची. समोरचा एखादा तो दुरुस्तही करायचा, की मावशे, शेवटी सात न्हवं, एक आसंल. नगरपरिषद 'हा क्रमांक कोणालाही सांगू नका' असं प्रत्येक वेळी कळवत होती, आणि तेही मावशी मोठ्यानं वाचून दाखवत होती. चौदा वर्षं असं चाललं होतं. कुणाचं काही बुडालं नव्हतं, कुणाचा दाखला अडला नव्हता. शिरढवळच्या सगळ्या प्रभागांत ऑनलाइन सेवांचा वापर बुरूड गल्लीत सर्वाधिक, म्हणून गल्लीला दोनदा प्रशस्तिपत्रकही मिळालं होतं. त्याला लॅमिनेशन रेश्मानंच केलं होतं.

मृण्मयीनं आपली ओळख सांगितली आणि विचारलं, एका गल्लीतली दोनशे चौदा माणसं एका मताची असू शकतात का?

"आमच्या गल्लीत?" रेश्मा हसली. "गणपतीच्या मांडवाचं तोंड कुणीकडं करायचं, यावरनं तीन वर्षं गणपती बसला नव्हता मॅडम."

म्हणूनच आले, असं मृण्मयी म्हणाली. तिनं आपला संगणक काउंटरवर ठेवला. माणूस टाइप करतो तेव्हा एका अक्षरापासून दुसऱ्या अक्षरापर्यंत त्याची बोटं एका ठरावीक चालीनं जातात. या चालीला वर्तनगणितात बोटचाल म्हणतात, आणि ती सहीपेक्षा पक्की असते. गल्लीतल्या दोनशे चौदा रहिवाशांची बोटचाल एकच होती. संगणकानं बुरूड गल्लीचं मन ओळखलं नव्हतंच. त्यानं एकाच बाईचं मन दोनशे चौदा वेळा मोजलं होतं.

रेश्माला हायसं वाटलं. तिनं समोरच्या टपरीला चहा सांगितला आणि म्हणाली की मग प्रश्नच मिटला, हे सगळं रद्दच झालं पाहिजे. मृण्मयीही म्हणाली, झालंच पाहिजे. पंधरा दिवसांत केंद्रचालकानं लिहून द्यायचं की या रहिवाशांची खाती मी चालवत होते. परवाना तीन महिने स्थगित होईल. आणि दुसरं म्हणजे, प्रती रद्द करताना त्या मुळात कुणाच्या मनावरून निघाल्या ते जाहीर करावं लागतं. रेश्माची मनप्रत अहवालाला जोडली जाईल आणि ती कुणालाही वाचता येईल.

"लावा की," रेश्मा म्हणाली. "माझ्या मनात काय निराळं असणाराय? मी हितलीच."

मृण्मयीनं पडदा रेश्माच्या बाजूला फिरवला.

शास्त्रज्ञ माणसं वाईट बातमी आकड्यांत सांगतात, तीच त्यांना दया वाटते. रेश्मा सोनटक्के गल्ली सोडायला तयार असण्याची शक्यता : शंभरात सत्त्याण्णव. खाली कारणं होती. गल्लीतल्या कुणी दुर्गंधीची तक्रार सांगितली तर रेश्मा ती सांगितल्यापेक्षा दुपटीनं लांब लिहायची आणि चार मिनिटांत पाठवायची. सामायिक संडासाची तक्रार असली तर त्याहून लांब. हणमंतअण्णांनी बांबू भिजवायच्या हौदाची दुरुस्ती मागायला तीनदा अर्ज सांगितला होता. तिन्ही वेळा तिनं तो लिहिला. तिन्ही वेळा तो अर्ज मसुद्यात दहा-अकरा दिवस पडून राहिला, आणि गेला तेव्हा त्या वर्षीच्या कामांची मुदत टळलेली होती. आणि नवनगरच्या घरांचे नकाशे या दुकानातून एकसष्ट वेळा उघडले गेले होते, दुपारी दोन ते तीन, गिऱ्हाईक नसताना. दर वेळी तोच नकाशा. दुसरा मजला, कोपऱ्यातलं घर, संडास आत, स्वयंपाकघराला खिडकी.

रेश्मानं आधी वाद घातला. म्हणाली, ही सगळी घाईगडबड आहे. शेवटी 'सेवेबद्दल समाधानी आहात का' म्हणून विचारतात, तिथं मी सगळ्यांच्या नावानं पाच चांदण्या देते, कारण चार दिल्या की नऊ प्रश्नांचं आणखी एक पान उघडतं. त्यावरून गल्ली समाधानी आहे म्हणाल का?

"ती घाई आम्ही वजा करतो," मृण्मयी म्हणाली. "घाई सगळीकडे सारखी दिसते अक्का. तुमची तशी दिसत नाही."

चहा आला. रेश्मानं अंगठ्यावरची खूण दुसऱ्या बोटानं घासली. नवव्या वर्षी बांबूची कामटी तासताना कोयता लागला होता, आणि बापानं हळद भरून पुन्हा तिला कामाला बसवलं होतं. तिनं चहा बाजूला सारला.

"हे मी अजून मला सांगितलं नव्हतं. तुम्ही कागदावर आणलंत."

मृण्मयी म्हणाली की अजून कागदावर आलेलं नाही. लिहून दिलं नाहीत तर कधी येणारही नाही. प्रती रद्द होणार नाहीत, गल्ली नवनगरला जाईल, आणि कुणालाही काही कळणार नाही. हे सांगणं तिच्या अधिकारात बसत नव्हतं, पण ती बाई समोर बसली होती.

रेश्माचा विचार सरळ होता. एका बाजूला एका बाईची लाज, दुसऱ्या बाजूला दोनशे माणसांचा धंदा आणि छप्पर. तिनं त्याच दुपारी लिहून दिलं. चूक एवढीच झाली की लाज किती दिवस पुरते याचा अंदाज तिनं कमी धरला.

दोनशे चौदा संमती रद्द झाल्या. अहवाल संकेतस्थळावर लागला, आणि तो वाचायचा तर संकेतस्थळ उघडणं आलं. चौदा वर्षांत गल्लीनं जे केलं नव्हतं ते तिनं एका संध्याकाळी केलं. माणसांनी ओटीपी मनातल्या मनात वाचला, तो स्वतःच्या बोटांनी घातला, आणि रेश्मा सोनटक्केच्या मनात काय आहे ते पान पान वाचलं. गल्लीनं आपल्या हातानं उघडलेला हा पहिला सरकारी कागद.

भांडण झालं असतं तर बरं. गल्ली तिच्याशी बोलायचीच थांबली. शालनमावशी दुकानावरून जाताना पदर नाकाला लावायची, जणू दुर्गंधीची तक्रार आता तीच करणार होती. हणमंतअण्णा एकदाच आले. पायरीच्या खालीच उभे राहिले.

"हौद तू थांबवलास?"

ती हो म्हणाली. अण्णा मान हलवून परत गेले. त्यांनी शिवी दिली नाही, हे तिला पुढे पुष्कळ दिवस पुरलं.

परवाना स्थगित झाल्यामुळे दुकानात झेरॉक्स आणि लॅमिनेशन तेवढं उरलं, आणि गल्लीतलं कुणी त्यालाही येईना.

नियमानुसार गल्लीला नव्वद दिवस मिळाले. या काळात प्रत्येकानं आपली कामं संकेतस्थळावर आपल्या हातानं करायची, त्यातून ज्याची त्याची खरी मनप्रत तयार होणार, आणि मग पुन्हा तोच प्रश्न, शेवटचा. निम्म्याहून जास्त संमती आली तर नवनगर, नाहीतर प्रस्ताव दहा वर्षांसाठी बंद. मृण्मयीनं येऊन सगळ्यांना समजावून सांगितलं : मनप्रतीला फसवता येत नाही, तेव्हा फसवायच्या नादी लागू नका, नेहमीसारखे वागा.

गल्ली नेहमीसारखी वागली म्हणजे काय, तर सुरुवातीचे आठ दिवस तिनं संकेतस्थळाशी झुंज घेतली. 'चित्रातले सगळे बस ओळखा' या प्रश्नावर हणमंतअण्णांचं म्हणणं असं की ती बस नसून वडापची जीप आहे, आणि ते त्या मुद्द्यावर दोन दिवस अडून राहिले. शालनमावशी घरपट्टी भरायला गेली आणि तिनं चुकून विवाह नोंदणीचा अर्ज तीन पानं भरला. नवऱ्याचं वय विचारल्यावर तिच्या ध्यानात आलं. पण हात बसतो. महिन्याभरात माणसं अंगणात, ओट्यावर, हौदाच्या कट्ट्यावर मोबाईलमध्ये मान घालून बसलेली दिसू लागली. प्रत्येक जण दुसऱ्याकडे पाठ करून. संध्याकाळी गणपतीच्या मांडवात बैठक भरे, तिथं मात्र सगळ्यांची तोंडं एकीकडे. तिथं ठराव होत की प्राण गेला तरी गल्ली सोडायची नाही, आणि रेश्माचं नाव न घेता 'त्या घरभेदी बाईचं' बोलणं निघे.

नव्वदाव्या दिवशी प्राथमिक निकाल लागला. संमती एकशे अठ्ठावीस, हरकत शहाऐंशी.

या वेळी पडद्यावर नावं नव्हती. पहिल्या वेळी सगळेच एका बाजूला, म्हणून लपवण्यासारखं काही नव्हतं. आता फक्त बेरीज जाहीर झाली, आणि आपल्या मनप्रतीनं काय सांगितलं ते ज्याला त्याला आपल्या खात्यात पाहायला मिळालं. अंतिम सुनावणी पंधरा दिवसांनी.

सभागृहातून गल्ली बाहेर पडली ती मुकाट. कुणी कुणाला विचारलं नाही. विचारलं तर उलट प्रश्न येणार. रेश्माला वाटलं, एकशे अठ्ठाविसांत आपली एक. बाकीचे एकशे सत्तावीस कोण?

तिला फार थांबावं लागलं नाही. तिसऱ्या दिवशी भरदुपारी शालनमावशी रेशनकार्डाची झेरॉक्स काढायला आली. तीन महिन्यांत पहिल्यांदाच. झेरॉक्स घेतली आणि ती काउंटरला टेकून उभीच राहिली. मग इकडे तिकडे बघून सांगू लागली की तिच्या खात्यात काहीतरी गफलत झालीय, तिची प्रत भलतंच बोललीय. तेव्हा रेश्मानं पुन्हा एकदा लिहून द्यावं, मागच्यासारखं, की मावशीचं खातं या नव्वद दिवसांतही तीच चालवत होती.

"तुझं काय जातंय आता?" मावशी म्हणाली. "तू एकदा वंगाळ झालीच हाईस. माझं एक नाव घातलंस त्यात, कुणाला कळणार हाय?"

मावशीला वाटत होतं की गल्लीत असं एकटीचंच झालंय. तिच्या पाठोपाठ आलेल्या माणसालाही तसंच वाटत होतं. पंधरवड्यात दुकानात झेरॉक्सचा कागद संपून दोनदा आणावा लागला. लाइट बिलाची झेरॉक्स, नातवाच्या गुणपत्रिकेची, एकानं तर कोऱ्या कागदाचीच झेरॉक्स मागितली. प्रत्येक जण एकटा आला, आडवेळेला आला, आणि माझं तेवढं तुझ्या नावावर घे म्हणाला. मांडवातला सगळ्यात मोठा आवाज सगळ्यात हळू बोलला. रेश्मानं प्रत्येकाला एकच विचारलं : तुम्हांला खरंच राहायचंय का? सगळे हो म्हणाले, आणि हो म्हणताना झेरॉक्सच्या यंत्राकडे बघत होते.

शेवटून दुसऱ्या दिवशी हणमंतअण्णा आले. या वेळी पायरी चढून आले. गुडघ्यांमुळे वेळ लागला. त्यांनी काही सांगायच्या आत रेश्मानं त्यांना स्टूल दिलं. अण्णा म्हणाले की त्यांनी काही केलं नाही, फक्त एकदा संकेतस्थळाला विचारलं होतं की नवनगरात संडास घरात असतो का. त्यानं होय सांगितलं. मग विचारलं, लिफ्ट लाइट गेल्यावर चालते का. त्यावर त्यानं विचारलं, आणखी काही माहिती हवी आहे का, तर ते आणखी थोडं विचारत गेले. एवढ्यानं कुणी गल्ली सोडतंय का? प्रत खोटं बोलती.

"किती वेळा विचारलंत अण्णा?"

अण्णांनी गुडघा चोळला. मग म्हणाले, "रोज."

ते गेल्यावर तिनं आलेल्यांची नावं लिहिलेल्या वहीत त्यांचं नाव घातलं. एकशे सत्तावीस झाले.

तिनं पुण्याला मृण्मयीला फोन लावला. आपण काय करणार आहोत ते सांगितलं नाही. फक्त विचारलं, तोंड एक सांगतं आणि प्रत एक, तर त्यातलं खरं कुणाचं धरायचं? मृण्मयीनं तिच्या शास्त्राला येतं तेवढं सांगितलं. मनप्रत सांगते की माणसाला कुणी बघत नसताना काय हवं असतं. तोंड सांगतं की चारचौघांत त्याला काय हवं असतं. दोन्ही खरंच असतं. आम्ही पहिलं मोजायला शिकलो, दुसरं मोजायची तजवीज केली नाही, कारण ते सगळ्यांना ऐकू येतच होतं.

"पण गल्लीत तर चारचौघांतच राहायचं असतं," रेश्मा म्हणाली.

आणि तिनं फोन ठेवला.

रेश्माला गल्लीचा पुळका आला होता असं नाही. ज्या गल्लीनं आपल्या हातानं तिचं मन उघडून वाचलं, तिच्यासाठी पुन्हा काही करावं असं कारण नव्हतं. दुसऱ्यांदा लिहून दिलं तर परवाना कायमचा जाणार होता आणि फौजदारी होणार होती. पण उघडं पडल्यावर माणूस रस्त्यानं कसा चालतो, हे त्या गल्लीत फक्त तिला ठाऊक होतं. एकशे सत्तावीस माणसं तशी चालताना तिच्या डोळ्यांपुढे आली. आज ना उद्या ही बेरीज फुटणार होती. नवनगरच्या जिन्यात ती माणसं एकमेकांना भेटणार होती, आणि प्रत्येकाला वाटणार होतं की समोरच्यानं गल्ली विकली.

अंतिम सुनावणीला सभागृह भरलं होतं. मृण्मयीला तज्ज्ञ म्हणून घोरपड्यांच्या शेजारी खुर्ची होती. घोरपड्यांनी रेश्माचं निवेदन वाचून दाखवलं : परवाना स्थगित असतानाही पुढील एकशे सत्तावीस रहिवाशांची खाती मी चालवली असून त्यांच्या संमती माझ्यामुळे झालेल्या आहेत. नावं गोपनीय म्हणून वाचली गेली नाहीत. एकशे सत्तावीस हा आकडा ऐकून सभागृहात हालचाल झाली. ज्याला त्याला वाटलं होतं की आपलं एकच नाव असेल.

घोरपड्यांनी चष्मा काढून तज्ज्ञांना विचारलं, हे शक्य आहे का?

मृण्मयीपुढे एकशे सत्तावीस बोटचाली होत्या. सगळ्या वेगवेगळ्या, हणमंतअण्णांची अडखळत जाणारी, शालनमावशीची भरधाव. त्यांतली एकही रेश्माची नव्हती. हे शास्त्र तिनं अकरा वर्षं उभं केलं होतं. तिनं रेश्माकडे पाहिलं. रेश्मा तिच्याकडे पाहत नव्हती.

"शक्य आहे," मृण्मयी म्हणाली.

"राहिलेली ही एक संमती," घोरपडे रेश्माला म्हणाले. "तीही चुकून झाली म्हणायची का?"

"नाही साहेब. ती माझी. ती राहू द्या."

पडदा बदलला. हरकत शहाऐंशी. रद्द एकशे सत्तावीस. संमती एक. प्रस्ताव दहा वर्षांसाठी बंद झाला. बुरूड गल्ली आहे तिथंच राहणार होती, हौदासकट, सामायिक संडासासकट, आणि त्या एका संमतीसकट, जी कुणाची हे सांगायला नाव लागत नव्हतं.

सगळ्यात आधी हणमंतअण्णा उठले. तीन महिन्यांपूर्वी त्यांनी जी शिवी दिली नव्हती ती आता सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशी दिली, आणि म्हणाले की एका बाईनं सव्वाशे माणसांची घरं विकायला काढली होती. मग शालनमावशी उठली. मग त्यांच्यामागून रांगाच्या रांगा उठल्या. प्रत्येकाचा आवाज शेजाऱ्याच्या आवाजापेक्षा वर जायला बघत होता, आणि प्रत्येक जण ओरडताना आधी आजूबाजूला बघून घेत होता, की आपलं ओरडणं दिसतंय ना. पोलीस शिपाई रेश्माला दाराकडे नेऊ लागला. ज्यांनी खरोखरच हरकत घेतली होती ते मधेमधे खाली बसूनच होते. त्यांना जिंकल्याचं काही वाटत नव्हतं, आणि का वाटत नाही ते कळत नव्हतं.

दारातून रेश्मानं एकदा मागे वळून पाहिलं. उभं राहून तिला शिव्या देणाऱ्यांत, गेल्या पंधरवड्यात तिच्याकडून झेरॉक्स काढून नेली नव्हती, असं एकही माणूस नव्हतं.